पलीकडच्या चुलीवरचं तूप

मलकापूरला स्टेशनाच्या पलीकडे, कापसाच्या जिनिंगच्या शेडांमागे, कॉलेजच्या मुलांचं एक वसतिगृह होतं. तीस मुलं, सगळी आसपासच्या खेड्यांतली. त्यांचा स्वयंपाक अकरा वर्षं अन्नपूर्णाबाई करत होत्या. नवरा लवकर गेला, मुलगी खामगावला दिली, आणि तेव्हापासून वसतिगृहाच्या मागची खोली हेच त्यांचं घर. मुलं त्यांना काकू म्हणत. रेक्टर भगवंतरावांना स्वयंपाकघरात काही सांगायचं असलं, तर तेसुद्धा उंबऱ्याशी थांबून खाकरत आणि मगच बोलत.

हाताखाली गीताबाई होती. तिला अन्नपूर्णाबाईंनीच आणलं होतं. संग्रामपूरकडची, नवऱ्यानं टाकलेली, अजून तिशीही न गाठलेली. आली तेव्हा तिला घरापुरत्या भाकरी येत होत्या, तीस ताटांच्या नाही. पीठ किती घ्यायचं, वरणाला उकळी किती द्यायची, वांगी काळी पडू नयेत म्हणून कधी चिरायची, सगळं अन्नपूर्णाबाईंनी शिकवलं. दोन वर्षांत ती तयार झाली. कुणी तिची तारीफ केली की अन्नपूर्णाबाई म्हणायच्या, "म्या शिकवलं तिले." तोवर दोघींत काही वाकडं नव्हतं.

अडुसष्ट सालची दिवाळीची सुट्टी संपली आणि नागपूरहून डॉक्टर सुलभा पिंपळखरे आल्या. पस्तिशीच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, हातात कायम एक लांबट वही. मुलांना एकत्र बसवून त्यांनी समजावलं, "रक्तात एक चरबी असते, तिला कोलेस्टेरॉल म्हणतात. ती सगळ्यांच्याच रक्तात असते आणि लागतेही. पण प्रमाणाबाहेर वाढली, तर रक्तवाहिन्यांना आतून तिचा थर बसतो. मग पन्नाशीचा माणूस एक दिवस छातीवर हात ठेवून खाली बसतो. मला पाहायचं आहे, की तुमच्यासारख्या वीस-बावीस वर्षांच्या धडधाकट मुलांच्या रक्तात ती खाण्यामुळे किती चढते आणि किती उतरते."

त्यासाठी दोन पंगती करायच्या होत्या. पंधरा मुलं एकीकडे, पंधरा दुसरीकडे. भाकरी, वरण, भाजी दोन्हीकडे तीच आणि तेवढीच. फरक एकाच गोष्टीचा. एका पंगतीला सगळा स्वयंपाक तुपातला, शिवाय सायीसकट दूध. दुसरीला करडईचं तेल आणि साय काढलेलं दूध. सुरुवातीला एकदा आणि मग दर पंधरवड्याला सगळ्यांच्या हातातून रक्त काढायचं, ते बर्फाच्या पेटीत घालून पॅसेंजरनं नागपूरला पाठवायचं. दोन पंगतींचा स्वयंपाक एकमेकांत मिसळू नये म्हणून मागच्या ओसरीला पत्रे ठोकून दुसरी चूल मांडली. मधोमध गोणपाटाचा पडदा आला.

कोणता मुलगा कुठे, ते चिठ्ठ्यांनी ठरलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वयंपाक करणाऱ्यांचीही चिठ्ठीच टाकू. नाहीतर माझ्या मनाचं झालं असं व्हायचं." भगवंतरावांच्या टोपीत दोन चिठ्ठ्या पडल्या. गीताबाईनं एक उचलली. तिला तूप आलं.

अन्नपूर्णाबाई आत गेल्या आणि सगळं आवरलेलं असताना पुन्हा एकदा ओटा पुसत राहिल्या.

तूप गेलं याचं त्यांना तितकंसं वाटलं नाही. तेलात स्वयंपाक त्यांनी काय थोडा केला होता? पण दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी तुपाचा मोठा डबा गीताबाईच्या हवाली केला, त्याला कुलूप लावलं, आणि किल्ली गीताबाईनं पदराच्या टोकाला बांधली. ती किल्ली अन्नपूर्णाबाईंना डाचली. अकरा वर्षांत त्यांच्या पदराला कुणी कसली किल्ली बांधली नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघराला कुलूपच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

"बाई, पाह्य ना, केवढं तूप दिलं मले," गीताबाई हसत म्हणाली. "हात कापून राह्यला माहा, चमचा वजनानं घ्याचा म्हंते."

"मंग नीट घे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. एवढंच.

त्यानंतर पडद्याच्या पलीकडचं सगळं त्यांच्या कानाशी आणि नाकाशी येऊ लागलं. तुपातली जिऱ्याची फोडणी कधी पडली, भाकरीवर धार कधी सुटली, सगळं त्यांना न पाहता कळत होतं. पलीकडची मुलं ओरडायची, "गीतामावशी, अजून एक धार!" आणि गीताबाई म्हणायची, "नाई बाप्पा, वजनात हाये, माह्या हातात नाई." मग हशा. पूर्वी ती मुलं तिला नुसतं गीताबाई म्हणत. मावशी ती आठ दिवसांत झाली होती.

अन्नपूर्णाबाई त्या आवाजांचा हिशेब ठेवू लागल्या. पलीकडे आज किती वेळ हसले. आपल्या पंगतीतून किती जण पडद्याकडे पाहत जेवले. गीताबाई पूर्वी काम करताना गप्प असायची, आता ती गुणगुणत होती. ते गुणगुणणं त्यांना सगळ्यांत जास्त टोचायचं.

पंधरा दिवसांनी पहिला निकाल आला. डॉक्टरीणबाई आनंदानं स्वयंपाकघरात आल्या. "अन्नपूर्णाबाई, तुमच्या पंगतीनं कमाल केली. मुलांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल छान उतरलं. एकशे पासष्टवरून एकशे सेहेचाळीस! तिकडच्यांचं मात्र चढलं, एकशे चौऱ्याऐंशी."

अन्नपूर्णाबाईंनी ऐकलं ते एवढंच: माझ्या पोरांचं उतरलं, तिच्या पोरांचं चढलं. रक्तातलं काही उतरणं चांगलं कसं असेल, हे त्यांना पटेना. पोर उतरलं म्हणजे वाळलं, तोंड उतरलं म्हणजे काही बिनसलं. डॉक्टरीणबाई गोड बोलून आपली समजूत काढताहेत, असंच त्यांनी धरलं. त्या दिवसापासून प्रत्येक ताट वाढताना त्या मुलाच्या गालाकडे पाहू लागल्या.

पुढच्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी मुलांना बरं वाटावं म्हणून रोडगे करायला परवानगी दिली. रोडगे म्हणजे अन्नपूर्णाबाईंचं राज्य. कणकेचे पापुद्र्यांचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, गरम गरम फोडायचे, आणि वरून तूप. वर्षातून चार-पाच वेळा रोडगे व्हायचे आणि मुलं घरी पत्र लिहायची त्याबद्दल. त्या दिवशीही दोन्ही पंगतींचे रोडगे अन्नपूर्णाबाईंनीच भाजले, कारण गीताबाईचे करपायचे. तीसच्या तीस. मग अर्धे परातीत घालून गीताबाई पडद्यापलीकडे घेऊन गेली, आणि थोड्या वेळात तिकडून तुपाचा तो वास आला.

अलीकडे पंधरा मुलं रोडग्यावर करडईचं तेल ओतून घेत होती. त्यांच्यात इंद्रभान होता. संग्रामपूरकडचा, भाजीच्या मळ्यातला, कबड्डी खेळणारा, बावीस वर्षांचा जबर गडी. तो फटकळ होता, पण अन्नपूर्णाबाईंवर त्याचा जीव होता. तो म्हणाला, "काकू, रोडगा तुमचा, अन् नाव झालं गीतामावशीचं. तिकडचे पोट्टे म्हून राह्यले, मावशीचे रोडगे काय झाले आज!"

तो चेष्टेत बोलला होता. अन्नपूर्णाबाईंच्या हातातली परात मात्र जागच्या जागी थांबली.

"माह्या हातचे रोडगे हायेत ते," त्या म्हणाल्या.

"आमाले ठाव हाये जी. पन तूप तिचं ना."

त्या दुपारी अन्नपूर्णाबाई जेवल्या नाहीत. भांडी घासून झाल्यावर पदर खोचून त्या निघाल्या आणि जवळच्या दाताळ्याला बहिणीकडे गेल्या. बहिणीच्या घरी तीन म्हशी होत्या. "पोट्ट्याईसाठी पाह्यजे," असं सांगून त्यांनी पितळी डबाभर तूप मागितलं. बहिणीनं विचारलंही नाही कशाला. संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी त्या परत आल्या होत्या.

तेलाचा डबा रोज संध्याकाळी तराजूवर चढायचा, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी डोकं लढवलं. जेवढं तूप वरणाच्या फोडणीत आणि भाजीत घालायचं, तेवढंच तेल डब्यातून काढून खाटेखालच्या बरणीत ओतायचं. रोज एक मोठी वाटी तूप आत, एक वाटी तेल बाहेर. डब्याचं वजन बरोबर उतरायचं. ही युक्ती सुचल्यावर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

पहिल्या संध्याकाळी मुलांनी वरण तोंडात घातलं आणि इंद्रभाननं मान वर केली. त्यांची नजरानजर झाली. अन्नपूर्णाबाईंनी हळूच मान हलवली, म्हणजे गप्प राहा. तो हसला आणि म्हणाला, "काकू, वरन वाढा अजून." मग एकामागून एक सगळ्यांनी वरण मागितलं. पडद्यापलीकडे त्या दिवशी शांतता होती. अलीकडे हशा होता. अन्नपूर्णाबाईंना वाटलं, आता कसं!

बारा दिवस असे गेले. त्या दिवसांत त्या गीताबाईशी पुन्हा नीट बोलू लागल्या होत्या. तिचं गुणगुणणंही त्यांना सोसवू लागलं होतं.

मग तिसऱ्यांदा रक्त काढलं गेलं. ओळीनं बाकावर बसलेली मुलं, बाह्या वर सारलेल्या, दंडाला रबरी नळी. दोन-तीन मुलांची शीर सापडेना. एकाला तीनदा टोचावं लागलं. अन्नपूर्णाबाई गुळाचं पाणी घेऊन उभ्या होत्या, पण त्यांचं लक्ष सुईकडे नव्हतं. आता माझ्या पोरांचंही चढेल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

चढलंच. एकशे एकाहत्तर. नागपूरहून कागद आला त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी दोनदा चष्मा पुसला. "हे होऊच शकत नाही," त्या भगवंतरावांना म्हणाल्या. "उतरलेलं असं परत चढत नाही. खाण्यात काहीतरी बदललंय."

तेलाच्या डब्याची सगळी वजनं बरोबर होती. मग कुलपातला म्हणून रोज न तोललेला तुपाचा डबा काढला. चार आठवड्यांत जेवढं उरायला हवं होतं त्यापेक्षा सव्वा किलो कमी भरलं.

भगवंतराव तडक म्हणाले, "झालं तर. तूप या आवारात एकाच ठिकाणी आहे आणि किल्ली एकाच बाईजवळ आहे. तेलाच्या पंगतीतल्या पोरांना चोरून वाढलं असणार. तीही आता मावशी मावशी करतात ना!"

गीताबाईला बोलावलं. "मी नाई जी. कोनालेच नाई दिलं. देवाची आन." तिनं सासर, माहेर, सगळ्यांच्या शपथा घेतल्या. सव्वा किलो कुठे गेलं ते तिला सांगता आलं नाही. डॉक्टरीणबाई वहीतले आकडे पुन्हा तपासत होत्या, त्यांना हे सगळं पटलंय असं दिसत नव्हतं. पण वसतिगृह भगवंतरावांचं होतं. ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

अन्नपूर्णाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. बोलल्या नाहीत.

आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांना बरं वाटलं. गीताबाईनं पदराची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली, तेव्हा छातीवरचा दगड उतरावा तसं झालं. मी कुठे तिचं नाव घेतलं, असं त्या मनाशी म्हणाल्या. तिच्याकडून सव्वा किलो कमी भरलं, ते काय मी नेलं? ते खरंही होतं. म्हणून तर ते त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला गीताबाई बोचकं घेऊन त्यांच्या खोलीत आली. साडेदहाची एस.टी. होती. ती रडत नव्हती. तिनं वाकून पायाला हात लावला आणि म्हणाली, "बाई, तुमी मले आनलं, अन् म्या तुमचं नाव खराब केलं."

"काऊन व असं म्हंते?"

"कायतरी चूक झाली असंन माह्या हातून. वजनातलं मले कुठं कळते एवढं? रात गेली इचार करू करू. म्या कोनाले दिलं नाई, पन कमी तं भरलं ना. तुमी दोन वर्स शिकवलं, अन् लोक म्हनन अन्नपूर्णाबाईनं चोट्टी बाई आनली." ती थांबली. "तुमी मनात ठेवू नका. बस."

अन्नपूर्णाबाई खाटेवर बसल्या होत्या. खाली बरणी होती. गीताबाईनं जर त्यांच्यावर संशय घेतला असता, भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्यांनी तिला उत्तर दिलं असतं. हे मात्र त्यांना झेपलं नाही.

"बोचकं ठेव खाली," त्या म्हणाल्या.

"एस.टी. जाईन, बाई."

"ठेव म्हनलं ना!"

त्यांनी वाकून खाटेखालून बरणी ओढली. तिच्यात गळ्यापर्यंत तेल होतं. शेजारी पितळी डबा होता, तळाशी थोडं तूप थिजलेलं. दोन्ही काखोटीला मारून त्या अंगणातून चालू लागल्या. गीताबाई काही न कळून मागोमाग आली.

डॉक्टरीणबाई वाचनालयाच्या खोलीत बसल्या होत्या. समोर वह्या पसरलेल्या. भगवंतराव बाजूला पेपर वाचत होते. अन्नपूर्णाबाईंनी बरणी आणि डबा टेबलावर, थेट वहीवर ठेवला.

"हे तुमचं तेल," त्या म्हणाल्या. "अन् हे माहं तूप. पोट्ट्याईच्या वरनात म्या टाकलं. गीतानं काई नाई केलं."

भगवंतराव उभेच राहिले. डॉक्टरीणबाईंनी बरणीचं झाकण काढून वास घेतला. "कधीपासून?"

"रोडग्याच्या दिवसापासून. रोज संध्याकाळी एक वाटी. जेवढं तूप घातलं, तेवढं तेल इच्यात काढलं."

"का पण?"

अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाशी धरला. गीताबाई शेजारी उभी होती, तिच्यासमोर सांगायचं होतं. "मले पाह्यवत नोतं," त्या म्हणाल्या. "माह्या हाताखालची बाई, अन् पोट्टे तिच्या चुलीले हासते, तिच्या चुलीकडे पाह्यते. मले तिचा जळफळाट झाला. बस, एवढंच हाये. पोट्ट्याईची कीव आली असं म्हनीन तं ते खोटं होईन."

डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? तीस मुलांच्या हातात तीन-तीनदा सुया खुपसल्या मी. कुणाची शीर सापडली नाही, कुणाला घेरी आली. सगळं कशासाठी? आणि एक बाई चोर ठरली, ते निराळंच!"

"हाव जी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"आणि तुम्हाला ठाऊक आहे का? सहा आठवडे झाले की दोन्ही पंगतींची अदलाबदल होणार होती. तेल त्यांच्याकडे, तूप तुमच्याकडे. मुलं तीच, फक्त खाणं उलट. तेव्हाच तर पक्कं कळतं. अजून दोन आठवड्यांनी तो डबा, ती किल्ली, सगळं तुमच्याच हातात येणार होतं!"

अन्नपूर्णाबाईंच्या तोंडून निघालं, "मंग तुमी मले सांगतलं काऊन नाई?"

मुलांना आधी कळलं तर ती वाट पाहत बसतात, खाण्यात कसर करतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वयंपाक करणाऱ्या बायकांना सांगायचं असतं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. "सांगायला हवं होतं," त्या अखेर म्हणाल्या, आणि त्यांचा राग तिथे निम्मा झाला.

त्यांनी बरणी तराजूवर ठेवली. बहिणीकडून आणलेलं तूप किती, उरलं किती, तेही लिहून घेतलं. मग पंधरांनी भागलं, दिवसांनी भागलं. आकडा पाहून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बारा दिवस, माणशी वाटीचा पंधरावा हिस्सा, आणि रक्तात एवढा फरक." ती ओळ त्यांनी खाली दोनदा अधोरेखित केली.

गीताबाईच्या सव्वा किलोचं कोडं दोन दिवसांत सुटलं. थंडीत तूप थिजायचं. डब्यातून काढायच्या पळीला आणि मोजायच्या वाटीला चिकटलेलं राहायचं, वजन पुरं करायला तेवढं जास्त निघायचं, आणि चिकटलेलं राखेनं घासून मोरीत जायचं. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर दोन दिवस ते खरवडून मोजलं. दिवसाकाठी पावणेचार-चार तोळे. भगवंतरावांनी गीताबाईला थांबायला सांगितलं. माफी मागितली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते तिच्या चुलीशीसुद्धा खाकरूनच जाऊ लागले.

अन्नपूर्णाबाईंना काढलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चव बदलली की मुलं कमी-जास्त खातात, तेव्हा हात तोच हवा. तो पंधरवडा मोजणीतून वगळायचा आणि तेलाच्या पंगतीनं पुन्हा चार आठवडे तेलच खायचं. एकच अट घातली. अन्नपूर्णाबाईंचं तेल रोज सकाळी गीताबाई मोजून देणार, आणि फोडणी पडेपर्यंत समोर उभी राहणार.

ते चार आठवडे अन्नपूर्णाबाईंना चार वर्षांसारखे गेले. रोज सकाळी गीताबाई तराजू घेऊन यायची, वजन टाकायची, म्हणायची, "बाई, दोनशे ग्राम." अन्नपूर्णाबाई मान खाली घालून कढई पुढे करायच्या. पहिल्या दिवशी त्यांना मरावंसं वाटलं. गीताबाई टोमणा मारत नव्हती, हेही टोचत होतं. मारला असता तर बरं, असं त्यांना वाटे.

मुलांनाही सगळं कळलं होतं. इंद्रभान एकदा म्हणाला, "काकू, माह्यानं बोलनं झालं ते रोडग्याच्या दिवशी. मी पागल हाये."

"तू बोलला ते खरं होतं, बे," त्या म्हणाल्या. "तू खा."

चार आठवड्यांनी आकडा एकशे त्रेचाळीस आला. डॉक्टरीणबाईंनी या वेळी नुसतं सांगितलं नाही. त्यांनी अन्नपूर्णाबाईंना बाकावर बसवलं आणि दोन काचेच्या नळ्या दाखवल्या. रक्त गोठल्यावर वर आलेलं पाणी. एकीत ते स्वच्छ, उसाच्या रसाच्या निवळीसारखं. दुसरीत गढूळ, दुधाचा थेंब पडल्यासारखं. "हा मुलगा तुमच्या पंगतीतला. हा तुपाच्या. दोघंही जेवून तीन तास झालेले. दोघंही एकवीस वर्षांचे, दोघांनाही आज काहीच होत नाहीये. म्हणूनच तर कळत नाही कुणाला."

अन्नपूर्णाबाईंनी नळी उजेडाशी धरली. "हे उतरलेलं?"

"हे उतरलेलं."

मग त्यांनी गढूळ नळी उचलली आणि तीही उजेडाशी धरली.

मग अदलाबदल झाली. किल्ली अन्नपूर्णाबाईंच्या पदराला आली. पहिल्या दिवशी मुलांनी भाकरीवर तूप पाहून आरोळी ठोकली, आणि त्या आरोळीनं त्यांना व्हायला हवा होता तेवढा आनंद झाला नाही. त्या प्रत्येकाला मोजून वाढत होत्या आणि कुणी अजून मागितलं की म्हणत होत्या, "पुरे आता." पलीकडे गीताबाईनं तेलाच्या स्वयंपाकाला तोंडीलावणं म्हणून जवसाची चटणी केली होती. लसूण, लाल मिरची, वरून कच्चं तेल. पंधरा मुलं ती चाटूनपुसून खात होती. "मावशी, चटनी!" "मावशी, अजून!" हशा पडद्याच्या अलीकडे आला.

अन्नपूर्णाबाईंना पुन्हा तसंच डाचलं. तूप हातात असून. जेवणं उरकल्यावर त्या पडदा बाजूला करून पलीकडे गेल्या. गीताबाई परात घासत होती.

"गीता," त्या म्हणाल्या, "तुले एक सांगू? पोट्टे तुह्या पंगतीत हासले का मले अजूनई आग लागते. तूप इकडे आलं तरी."

गीताबाईनं हात थांबवला. "मंग मले काय लागत नोती का? दोन वर्स नुसतं काकू, काकू आयकलं म्या. त्या दिवशी टोपीतून चिठ्ठी निघाली, मले इतकं बरं वाटलं का सांगू नाई शकत. तुमचं तोंड पाह्यलं होतं म्या. पाहून अजूनच बरं वाटलं."

अन्नपूर्णाबाई खाली बसल्या, दुसरी परात ओढली आणि राख हातात घेतली. "चटनीत लसून भाजून टाकला का कच्चा?"

"अर्धा भाजून, अर्धा कच्चा."

"म्या हे तुले नाई शिकवलं."

"नाई," गीताबाई म्हणाली. "हे माहं हाये."

डॉक्टरीणबाईंचं काम होळीच्या आधी संपलं. पंगती पुन्हा एक झाल्या, पत्रे काढले, पडदा गेला. पुढच्या जूनमध्ये संग्रामपूरला मुलांचं नवं वसतिगृह निघालं आणि तिथली मुख्य स्वयंपाकीण म्हणून गीताबाईला बोलावणं आलं. अन्नपूर्णाबाईंनी तिला एस.टी.पर्यंत पोचवलं, बोचकं स्वतः वर चढवलं. परत येताना रस्त्यात कुणी विचारलं तर त्या सांगत, "तिथं सगळं तिच्या हातात राहीन आता. म्या शिकवलं तिले." त्या सांगण्यात अभिमान किती नि जळफळाट किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या वर्षापासून वसतिगृहात तूप सणावारालाच वाढलं जाऊ लागलं, तेही ताटात थेट नाही. अन्नपूर्णाबाई वाटी घेऊन प्रत्येकासमोर थांबत आणि विचारत, "पाह्यजे का?" नवीन आलेल्या मुलांना ते कंजूषपणाचं वाटे. जुनी मुलं त्यांना काही सांगत नसत, हात आडवा धरून नको म्हणत, आणि ज्याला हवं असेल तो घेत असे.